मालाच्या वजनाप्रमाणे हवा

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट रचून रात्री वाशीच्या बाजाराकडे निघालेली पिकअप सकाळी रिकामी परत फिरते, तेव्हा तिच्या मागील चाकांवरचा भार निम्म्याहून कमी झालेला असतो. तथापि त्या चाकांत हवा किती असावी, हा प्रश्न मालक, चालक आणि हवा भरणारा मुलगा यांपैकी कोणाच्याही मनात सहसा उद्भवत नाही, कारण चारही चाकांत सारखी हवा टाकण्याचा शिरस्ता बहुतेक ठिकाणी पडून गेला आहे.

वस्तुतः गाडीचे ओझे रबर पेलीत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. ती कमी पडली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यागणिक दबते व उसळते, त्या अखंड घर्षणाने आतल्या आत उष्णता साठत जाते, आणि वैशाखातल्या दुपारी समृद्धी महामार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तासन्‌तास भरधाव धावणाऱ्या भरलेल्या गाडीचा टायर अखेर फुटतो. उलट रिकाम्या गाडीत भरमसाट हवा ठेवली, तर टायर मध्येच झिजतो आणि ओल्या घाटात ब्रेक लागताना रस्त्यावरची पकड सुटते. दर खेपेला हवा कमीजास्त करणे व्यवहार्य नाही, हे मान्य. म्हणून रोज माल वाहणाऱ्या गाडीने भरल्या गाडीचाच आकडा पाळावा, आणि हंगाम संपून ती आठवडेच्या आठवडे रिकामी फिरणार असेल तेव्हाच तो उतरवावा.

हा आकडा टायरच्या कडेवर शोधू नये. तेथे उमटविलेली असते ती कमाल मर्यादा. योग्य दाब गाडीच्या कारखानदाराने चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तिकेत, पुढच्या व मागच्या चाकांसाठी वेगवेगळा नमूद केलेला असतो. तो मोजायचा थंड टायरवर, म्हणजे गाडी निघण्यापूर्वी. तापमान दहा अंशांनी चढले की दाब दोनेक पौंडांनी वाढतो. ही वाढ हिशेबात धरलेलीच असते, म्हणून वाटेत तापलेल्या टायरमधून हवा सोडणे ही घातक कसूर होय.

आकड्यांतला थोडा फरकही क्षुल्लक नसतो. अमेरिकेत २००० साली फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले, तेव्हा फोर्ड एक्सप्लोररसाठी फोर्डने सांगितलेले २६ पौंड योग्य की ३०, यावरही त्या दोन बलाढ्य कंपन्यांत कडाक्याचा वाद झाला.

आपल्याकडे अपघातानंतरच्या पंचनाम्यात दोषाचे माप बहुधा चालकाच्याच पदरी पडते. परंतु ज्या पंपावर त्याने हवा भरली, तेथील गेज खरे दाखवीत होते की नाही, याचा तपास कोण करतो? पेट्रोलचे माप कसोशीने तपासणाऱ्या वैधमापन खात्याने त्याच फेरीत हवेच्या गेजचीही तितकीच कडक तपासणी करावी, तपासणीची तारीख यंत्रावर ठळक लावण्याची सक्ती करावी, आणि पिकअपच्या मालकाने स्टेपनी व जॅकबरोबर एक स्वतःचे गेजही चालकाच्या हवाली करावे.