टळलेल्या चुकांची नोंद

प्रशासकीय सेवेत असताना एक गोष्ट मी अनेकदा पाहिली. दुर्घटना घडली की फाईलवर पहिला प्रश्न उमटतो : जबाबदार कोण? ‘हे घडले कसे?’ हा प्रश्न मागाहून येतो आणि तोवर निलंबनाचा आदेश काढून प्रकरण बंद झालेले असते. कर्करोगावरील किरणोपचारांत ही सवय जिवावर बेतू शकते.

किरणांची मात्रा जास्त गेली तरी रुग्णाला त्या क्षणी बहुधा काहीच जाणवत नाही; परिणाम आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतात. दरम्यान तेच चुकीचे गणित इतर रुग्णांनाही लागू होत राहते. २०००-०१ मध्ये पनामातील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत असेच घडले. निरोगी अवयव झाकणाऱ्या चारच ठोकळ्यांची माहिती तेथील संगणकप्रणाली स्वीकारत असे. रुग्णाच्या अधिक संरक्षणासाठी पाचवा ठोकळा हवा होता, म्हणून कर्मचाऱ्यांनी माहिती निराळ्या रीतीने भरली. संगणकाने हरकत न घेता उपचाराचा कालावधी जवळपास दुप्पट काढला. हाताने पडताळणी झाली नाही. २८ रुग्णांना अतिरिक्त मात्रा मिळाली. त्यांतील काही त्यामुळेच दगावले. हेतू चांगला होता, व्यवस्था अपुरी होती.

भारतात १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. किरणोत्सारासंबंधीचे अपघात कळवण्याचे बंधनही आहे. परंतु शिकण्यासारखे बरेच काही अपघाताच्या अलीकडे घडते : दुसऱ्याच रुग्णाची योजना पडद्यावर उघडली, डाव्या-उजव्या बाजूची गल्लत झाली आणि यंत्र सुरू होण्यापूर्वी तंत्रज्ञाच्या ते लक्षात आले. ही सुटका एका विभागापुरती राहिली, तर तीच चूक दुसऱ्या शहरात टळेलच असे नाही. मात्र नोकरी जाण्याचे व खटल्याचे भय असताना ती कोण लिहून देईल?

यावरचा उपाय आपल्या परंपरेतच आहे. रेल्वेच्या सुरक्षा निरीक्षकांना १९४१ मध्ये रेल्वे मंडळाच्या नियंत्रणातून बाहेर काढण्यात आले; आजही रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. गाडी चालवणाऱ्यानेच अपघाताचा निवाडा करू नये, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१० पासून सुरू आहे. त्यात कळवणाऱ्याचे नाव गोपनीय राहते. किरणोपचारांतील घटनांसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची ‘सॅफ्रॉन’ ही ऐच्छिक नोंदप्रणालीही आहे.

म्हणून किरणोपचारांतील चुका व टळलेल्या चुका यांसाठी एक राष्ट्रीय कक्ष असावा. परवाने देण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार त्याला नसावा. कळवणाऱ्याच्या गोपनीयतेला कायद्याचे संरक्षण असावे आणि निष्कर्ष दर तिमाहीस देशातील प्रत्येक किरणोपचार केंद्राकडे जावेत.

याने दोषींना अभय मिळेल, हा आक्षेप गंभीर आहे. त्याला उत्तर एवढेच, की इजा झालेल्या रुग्णाला सत्य सांगणे व भरपाई देणे यांत सवलत नसावी. बेपर्वाई आणि लपवाछपवी यांना शिक्षा व्हावीच. संरक्षण द्यायचे ते प्रामाणिकपणे कळवण्याला.

प्रत्येक रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने वर्षअखेरीस आपल्या किरणोपचार विभागाला विचारावे : किती टळलेल्या चुका नोंदवल्या? ‘एकही नाही’ असे उत्तर आले, तर चौकशी तेथूनच सुरू करावी.