घरबसल्या काम : अर्जापूर्वीचे चार प्रश्न



संगणकीय शोधयंत्रांचे घरबसल्या परीक्षण करण्याच्या कामाविषयी आपल्या कुटुंबांत हल्ली बरीच उत्सुकता दिसते. जोडीदाराच्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या सुशिक्षित भगिनींना व विद्यार्थ्यांना त्याचे विशेष आकर्षण वाटते. म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

काम खरे आहे. गूगलसारख्या कंपन्या मध्यस्थ कंपन्यांमार्फत परीक्षक नेमतात. शोधयंत्राने पुढे केलेले पान विश्वसनीय आहे काय आणि विचारणाऱ्याची गरज त्याने भागते काय, हे परीक्षक ठरवितो. या गुणांकनाने कोणत्याही पानाचा क्रम थेट बदलत नाही. यंत्रणेतील सुधारणा कितपत साधली, हे त्यावरून जोखले जाते. गूगलची दीडशेहून अधिक पानांची परीक्षक-मार्गदर्शिका २०१५ पासून सर्वांना खुली आहे. निवडपरीक्षेचा पाया तीच असल्याने तिच्या अभ्यासावाचून अर्ज करू नये.

परंतु अर्जदाराने चार प्रश्नही विचारावेत.

पहिला प्रश्न परवान्याचा. एच-४ व्हिसावर कार्य-परवाना नसेल, तर घरून केलेले मोबदल्याचे कामही नियमबाह्यच होय. एफ-१ विद्यार्थी आणि एच-१बी धारक यांनाही असे जोडकाम परस्पर करता येत नाही. घराच्या चार भिंतींआड केले म्हणून ते काम कायद्याच्या दृष्टीआड होत नाही. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी ते अंगाशी येऊ शकते.

दुसरा प्रश्न पैशांचा. अर्जासाठी वा प्रशिक्षणासाठी जो शुल्क मागतो, त्याच्याकडे नोकरी नसते, सापळा असतो.

तिसरा प्रश्न कराचा. परीक्षकास अनेकदा स्वतंत्र कंत्राटदार मानले जाते. मग १५.३ टक्के स्वयंरोजगार कर त्यालाच भरावा लागतो. आरोग्यविमा वा भरपगारी रजा मिळत नाही.

चौथा प्रश्न शाश्वतीचा. गूगलने ॲपेन या ऑस्ट्रेलियन कंपनीशी असलेला करार मार्च २०२४ मध्ये संपविला, तेव्हा तिच्यामार्फत काम करणाऱ्या परीक्षकांच्या हातचे काम गेले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना पूज्य बाबासाहेबांनी कामाच्या तासांना मर्यादा घालण्यासाठी परिश्रम घेतले. या नव्या धंद्यात उद्या एक तास तरी काम मिळेल, याचीच हमी नाही. तेव्हा यास पूरक उत्पन्न मानावे. त्यावर घरभाड्याचा भरवसा ठेवू नये.

ज्यांच्याजवळ परवाना आहे, त्यांनी अभ्यास करून निःशंकपणे अर्ज करावा. ज्यांच्याजवळ नाही, त्यांनी आधी परवान्याचा मार्ग शोधावा. ग्रीन कार्डाच्या वाटेवरील एच-१बी धारकांच्या अनेक जोडीदारांना तो २०१५ पासून मागता येतो. रिकाम्या हातांची व्यथा आम्ही जाणतो. तरीही आमचे कळकळीचे सांगणे आहे की, तासाच्या चार डॉलर्सपायी या देशातील आपल्या कुटुंबाचे वास्तव्य पणास लावू नका.