जुनाट कंबरदुखी आणि मनाची धास्ती

अलीकडे आमच्या शेतकरी बंधूंमध्यें एक शब्द फार रूढ झाला आहे; तो म्हणजे 'मणक्यांत गॅप'. हा शब्द एकदां कानीं पडला कीं चाळिशीच्या आंतला धडधाकट गृहस्थ शेतीचें काम सोडतो, जमीन अर्धेलीनें लावतो आणि बाजेवर पडून राहतो. कोणी कर्ज काढून शस्त्रक्रिया करवितो. याविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमची सारी हयात महसुली दप्तरांत गेली. सात-बाऱ्यावर नोंदलेलें पीक आणि शेतांत उभें असलेलें पीक एकच असतें असें नाहीं, हें आम्हांस पुरतें ठाऊक आहे. मणक्याच्या चित्राचेंही तसेंच. ज्यांस पाठदुखी मुळींच नाहीं अशा ३११० माणसांच्या तपासण्यांचा आढावा सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत विसाव्या वर्षीं शंभरांपैकीं ३७ आणि ऐंशीव्या वर्षीं ९६ जणांच्या मणक्यांतील चकत्या झिजलेल्या आढळल्या. अशी झीज केंस पिकण्यासारखी आहे. ती दिसली म्हणजे दुखण्याचें मूळ सांपडलेंच असें होत नाहीं.

मग दुखतें कां? इजा झाली म्हणजे मज्जातंतू वर्दी देतात. परंतु वेदना किती व्हावी हें मेंदू ठरवितो. बहुतेक इजा तीन महिन्यांत भरून येते, तरी कित्येकांचा मेंदू सावधपणा सोडीत नाहीं. रानडुकरांनीं एकदां पीक उद्ध्वस्त केलें कीं माळ्यावरचा राखणदार पुढें पान सळसळलें तरी हाकाटी करतो, तशी ही गत. त्यांत कर्जाचा तगादा, मुलीचें लग्न, पावसाची ओढ यांनीं झोंप उडाली कीं राखणदार अधिकच बिथरतो.

वेदना खोटी आहे असा अर्थ यावरून कोणी काढूं नये. दिवसभर ओणवें राहून खुरपणी करणाऱ्या बाईस 'तुझें दुखणें मनाचें आहे' असें सांगून वाटेस लावणारा मनुष्य आमच्या मतें निर्दय होय. तिला आधीं सायकल कोळपें, कामाची वांटणी आणि पुरती झोंप मिळाली पाहिजे, उपदेश मागाहून.

अमेरिकेंत कोलोराडो संस्थानांतील बोल्डर येथें १५१ जणांवर झालेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ५० जणांस चार आठवडे हेंच शिकविलें कीं ही वेदना धोक्याची खूण नव्हे, तेव्हां भीति टाकून हालचाल करावी. त्यांपैकीं ३३ जण वेदनामुक्त किंवा जवळजवळ तसे झाले; नेहमींचे उपचार चालू ठेवणाऱ्या ५० जणांपैकीं अवघे पांच. तीं माणसें बहुतेक सुशिक्षित होतीं आणि त्यांचें दुखणें मध्यम प्रतीचें होतें. तेव्हां आंकडा जसाच्या तसा आपणांस लावूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०२३ सालीं व्यायाम, शिक्षण व मानसोपचार यांची शिफारस केली आणि कमरपट्टे व वजनें लावून कंबर ताणणें हे नेहमींच्या उपचारांत नकोत असें सांगितलें.

मात्र पायांतली शक्ति जाणें, जांघेंत बधिरता येणें, लघवीवरील ताबा सुटणें, ताप येणें, किंवा पडल्यानंतर कळ राहणें, यांपैकीं कांहीं असल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. इतरांनीं धोक्याचें कांहीं नाहीं अशी डॉक्टरांकडून एकदां खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्या दिवसापासून बांधापर्यंत चालत जावें, आठवड्यानें विहिरीपर्यंत. गोणी उचलण्याची घाई नको. अर्धेलीचा कागद करणें तेवढें एक हंगामभर पुढें ढकलावें.