कावळा, फांदी आणि गॅरेज

सर्व्हिसिंग करून आणलेली मोटार आठवडाभरात रस्त्यात बंद पडली तर जबाबदारी कुणाची, या प्रश्नावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. मालक म्हणतो, "चांगली चालती गाडी गॅरेजने बिघडवली." गॅरेजवाला म्हणतो, "कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडली, साहेब!" दोघेही इतक्या खात्रीने बोलतात की बॉनेट उघडून पाहण्याची गरजच कुणाला वाटू नये. माझे मत असे की पुष्कळदा कावळ्याचा खरोखरच दोष नसतो. पण फांदीला आधी कुणी करवत लावली होती काय, हे सांगण्याची जबाबदारी ज्याच्या हाती करवत होती त्याच्यावरच असली पाहिजे.

माझे गाव रामाकोना. नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर, सौसरच्या पुढे, कन्हान नदीच्या काठी. राज्य मध्य प्रदेश, घरातली बोली मराठी, कचेरीतला कागद हिंदी. 2023 साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौसर तालुक्याबरोबर आम्हीही छिंदवाडा सोडून तिकडे गेलो. या अंकाची निम्मी पाने कन्नडमध्ये वाचणाऱ्यांना सीमेवरच्या गावाचे वर्णन अधिक करायला नको. सांगायचे ते एवढेच, की मोठी वर्कशॉपे नागपूरला किंवा छिंदवाड्याला, आणि गाडी बंद पडायची ती नेमकी दोहोंच्या मध्ये. पुढे सिल्लेवानीचा घाट आहे. संत्र्यांच्या हंगामात भरलेल्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हा त्या घाटात थांबणे म्हणजे काय हे थांबलेल्यालाच कळते.

आमच्या काकांची गाडी अशीच थांबली होती. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये तीन दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग झाले होते. ऑइल, फिल्टर, कूलंट, सगळे नवे. घाट चढताना काटा लाल रेघेकडे सरकला. काकांनी लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले, म्हणून पुढचा खर्च वाचला. गावातल्या मिस्त्रीला बोलावले. त्याने रेडिएटरच्या वरच्या नळीवर बोट ठेवले आणि क्लिप हाताने फिरवून दाखवली. ती आवळलेलीच नव्हती! कूलंट थेंबथेंब गळून गेले होते. मिस्त्रीने क्लिप आवळली, पाणी भरले, शंभर रुपये घेतले. काका म्हणाले, "भाऊ, एवढं कागदावर लिहून दे." तो म्हणाला, "काकाजी, काम सांगा. दुसऱ्या मिस्त्रीच्या विरोधात आम्ही लिहून देत नसतो." वर्कशॉपला फोन केला तर तिकडून उत्तर आले, "गाडी आमच्या दारातून चालतच गेली होती."

चालतच गेली होती, हे खरेच आहे. परंतु हे उत्तर म्हणता येईल काय? सर्व्हिसिंगमधल्या चुकांचा स्वभावच असा असतो की त्या दारात दिसत नाहीत. ऑइलच्या नटाखालचा जुना वॉशर तसाच राहिला तर ऑइल हळूहळू झिरपते. कूलंट भरताना आत राहिलेली हवा काढली नाही तर गावात काही होत नाही, घाटात इंजिन तापते. चाकाचे नट कमी आवळले गेले तर शे-दोनशे किलोमीटरनंतर चाक डगमगू लागते. उलट क्लचप्लेट झिजणे, बॅटरी आपले आयुष्य संपवून बसणे, टायरमध्ये खिळा शिरणे, यांचा ऑइल बदलण्याशी काडीचा संबंध नाही. कालच सर्व्हिसिंग केले एवढ्यावरून क्लचचे पैसे मागणारा मालकही मी पाहिला आहे. त्याची बाजू मी घेणार नाही.

मग रेघ कुठे ओढायची? मला ती अशी दिसते. ज्या भागाला गॅरेजने हात लावला त्याची जबाबदारी गॅरेजची. ज्या भागाची तपासणी केली म्हणून पैसे घेतले, त्यातला दिसण्याजोगा दोष न सांगणे हीसुद्धा गॅरेजची जबाबदारी. बाकीचे मालकाचे नशीब.

कायदाही याहून फार वेगळे सांगत नाही. 1872 चा भारतीय करार कायदा मोटारीच्या आधीचा, बैलगाडीच्या काळातला. पण त्याच्या 151 व्या कलमाप्रमाणे, कामासाठी दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी घेतली पाहिजे. त्याच कायद्याचे 170 वे कलम मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला देते. हा हक्क योग्यच आहे. परंतु पैसे मोजून घाटात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती अडवून ठेवायला काय असते?

त्याच्या हाती काहीतरी असावे म्हणून पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा, आणि त्याच्या जागी आलेला 2019 चा, जो 20 जुलै 2020 पासून अमलात आला. नव्या कायद्यात हलगर्जीपणा आणि मुद्दाम माहिती दडवणे या दोन्ही गोष्टी सेवेतल्या त्रुटीत मोडतात. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. रामाकोन्याच्या माणसाला नागपूरचे खेटे घालायला नकोत, ही लहान गोष्ट नव्हे. संत्री वाहून पोट भरणारा एकटा गाडीवालाही स्वयंरोजगारामुळे ग्राहकच ठरतो. आणि सदोष दुरुस्तीमुळे कुणाला इजा झाली, समजा ब्रेकच लागला नाही, तर 85 व्या कलमाखाली दुरुस्ती करणाऱ्यावर वेगळी जबाबदारी येते.

एवढे सगळे असून माणसे तक्रारीला का जात नाहीत? कारण त्रुटी सिद्ध करण्याचा पहिला भार तक्रारदारावरच असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येही तेच सांगितले. आणि पुरावा तर मिस्त्रीने पाना फिरवताच नाहीसा होतो! सैल क्लिप आवळली की ती सैल होती याला साक्षीदार कोण? मिस्त्री लिहून देत नाही, आणि त्याचे मला नवल वाटत नाही. उद्या त्याला त्याच वर्कशॉपमधून सुटे भाग आणायचे असतात. म्हणून माझी मागणी अशी, की सर्व्हिसिंगनंतर महिनाभरात किंवा हजार किलोमीटरच्या आत, हात लावलेल्या भागातच बिघाड निघाला, तर 'आमची चूक नाही' हे सिद्ध करणे गॅरेजकडे असावे. जॉब कार्ड त्याच्याकडे असते, कोणत्या पोराने कोणता नट आवळला हे त्याला ठाऊक असते. मालकाजवळ फक्त गरम झालेले इंजिन असते.

याला एक आक्षेप घेतला जाईल आणि तो खरा आहे. हा भार मोठे वर्कशॉप सहज उचलेल, पण झाडाखालचा मिस्त्री मोडून पडेल. त्याच्याकडे जॉब कार्ड नाही, मजुरी दोन-तीनशे, आणि अडीअडचणीला रात्री उठून येणारा तोच. मला वाटते, त्याच्यापुरती जबाबदारी आपले काम फुकट पुन्हा करून देण्याइतकीच ठेवावी. इंजिनाची भरपाई त्याच्याकडे मागू नये. माणसाला इजा होईल अशा कामात मात्र, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग आणि चाके यांत, लहान-मोठा हा भेद करता येणार नाही.

मालकांबद्दलही बोलले पाहिजे. "बिल नको, तेवढा टॅक्स वाचवा," असे काउंटरवर सांगणारे आपणच असतो, आणि तेच आपण पुढे पुरावा कुठला आणावा म्हणून कपाळाला हात लावतो. सेवेचे बिल न देणे ही 2019 च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ते न घेणाऱ्याला मात्र कायद्याने काही म्हटलेले नाही. तसेच काटा लाल रेघेवर गेल्यावरही "छिंदवाडा आलंच" म्हणून गाडी दामटणाऱ्याने पुढच्या नुकसानीसाठी गॅरेजकडे बोट दाखवू नये. टाळता येण्याजोगे नुकसान टाळले की नाही, हे करार कायदाही पाहतो.

काकांच्या खिशात बिल होते. क्लिप आवळण्याआधी माझ्या चुलतभावाने मोबाइलवर तिचा फोटो काढला होता, त्यात मागे घाटाचा दगडही दिसतो. दोन्ही घेऊन ते वर्कशॉपच्या मॅनेजरसमोर बसले. त्याने फोटो दोनदा मोठा करून पाहिला, आत जाऊन आला, नवी क्लिप आणि कूलंट फुकट घालून दिले आणि मिस्त्रीचे शंभर रुपये परत केले. चूक झाली असे मात्र शेवटपर्यंत म्हणाला नाही.