थोराड अंगाची मुलगी

परवा संध्याकाळी नौपाड्यात गोखले रोडवर खरेदीला गेले होते. घंटाळीकडे वळतेय तोच आमच्या जुन्या शेजारीण भेटल्या. सोबत नववीतली लेक. वयाच्या मानानं थोराड, उंचीनंही आईच्या वर गेलेली.

“ताई, तुम्हीच समजवा हिला. कथ्थकला घातलं, चार दिवसांत सोडलं. आता म्हणते बॉक्सिंग शिकायचंय! आधीच हे असं अंग, त्यात नाकबिक फुटलं तर उद्या हिला करून कोण घेणार?”

मुलगी काहीच बोलली नाही. चपलेच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली.

घरी आले तरी ते वाक्य मनातून जाईना. नाकाची काळजी समजते हो, आईचंच काळीज ते. पण ‘हे असं अंग’? वाढत्या वयाच्या लेकीला आपण किती सहज ऐकवतो हे! जाडी, ढोली, थोराड. लग्नकार्यात आत्या-मावश्याही ऐकवतात, आणि आपणही हसून सोडून देतो.

मैत्रिणींनो, नागपूरच्या अल्फिया पठाणचं नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? पोलीस खात्यातल्या वडिलांची ही लेक नागपुरातच गणेश पुरोहित या प्रशिक्षकांकडे बॉक्सिंग शिकली. एप्रिल २०२१मध्ये, इकडे आपण करोनाच्या धास्तीनं घरात बसलो होतो, तेव्हा पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धा चालू होती. त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी सात सुवर्णपदकं पटकावली. त्यातलं एक अल्फियाचं. अंतिम फेरीत तिनं मोल्दोव्हाच्या मुलीला ५-० असं हरवलं, म्हणजे पाचही पंचांनी कौल हिलाच दिला. पुढच्याच वर्षी कझाकस्तानातल्या एलोर्डा चषक स्पर्धेत तिनं २०१६च्या जगज्जेतीला नमवून सुवर्ण मिळवलं. आणि तिचा गट कोणता? ८१ किलोच्या वरचा!

या खेळातली हीच गोष्ट मला फार आवडली. इथे वजनकाट्यावर उभं राहताना लाजायचं कारण नाही. काटा फक्त तुझी जागा दाखवतो, आणि तुझ्याच वजनाच्या मुलीशी तुझी लढत लावतो. पुण्याची देविका घोरपडे २०२२मध्ये ५२ किलो गटात युवा जगज्जेती झाली, तर अल्फिया ८१च्या पुढच्या गटात. दोघीही महाराष्ट्राच्याच मुली.

अर्थात इथेही बायकांच्या वाट्याला सगळं सुखासुखी येत नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बॉक्सिंग १९०४पासून आहे, बायकांना मात्र दार उघडलं ते थेट २०१२मध्ये, लंडनला. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही पुरुषांसाठी ९२ किलोच्या वरचा गट होता. बायकांचे गट ७५ किलोलाच संपले. म्हणजे अल्फियासारखी मुलगी जगज्जेती झाली, तरी तिथे तिच्या वजनाला जागाच नव्हती. भारदस्त बाई जगाला अजून पचत नाही, दुसरं काय!

आता नाकाबद्दल. मार लागतो, खोटं कशाला बोलू? पण हौशी बॉक्सिंग म्हणजे रस्त्यावरची मारामारी नव्हे. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. मुलींच्या डोक्याला हेडगार्ड, दातांना संरक्षक पट्टी, हातांना बँडेज आणि वर ग्लोव्हज. डोक्याला मार बसल्यासारखं वाटलं तर पंच लढत थांबवतात. म्हणून क्लास निवडताना आयांनी चौकशी करावी. पहिल्याच महिन्यात समोरासमोर लढवत नाहीत ना? दुखापत झाली तर डॉक्टरांना दाखवून विश्रांती देतात ना? वजन उतरवायला मुलींना उपाशी तर ठेवत नाहीत? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तरच नाव घाला.

पुढे काय, हा प्रश्नही रास्तच आहे. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांमध्ये गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. प्रत्येकीला ते मिळेल असं नाही, पण दार आहे.

आणि लग्न? आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबादची निखत झरीन मार खाऊन घरी आली, तेव्हा तिची आईही रडली होती, हिच्याशी लग्न कोण करणार म्हणून. लेक म्हणाली, नाव झालं की नवऱ्यांची रांग लागेल! २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं तीच लेक जगज्जेती झाली.

आमच्या शेजारणीची मुलगी जगज्जेती होईल असं मी म्हणत नाही. कदाचित कथ्थकसारखं हेही चार दिवसांत सोडेल. सोडू दे. पण ते चार दिवस तरी तिला कळेल, की आपलं अंग लपवायची वस्तू नाही. त्यात ताकद आहे.

आज मी शेजारणीला फोन केला. म्हटलं, “तिला ग्लोव्हज घ्यायचे तेव्हा घ्या. त्याआधी एक करा. ‘हे असं अंग’ हे शब्द घरातून काढून टाका.”