आवाज आणि ओहम

स्नेहसंमेलनात मागे ऐकू येईना म्हणून यंदा चौथा स्पीकर जोडला, बटण पुढे सरकवले आणि अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडला. बालवाडीच्या चिमुकल्यांचे नाटुकले तोंडे हलवण्यातच संपले. (मागच्या रांगेत आम्हीच होतो.) आता मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचे घाटते आहे. आम्हांस ते पटत नाही.

८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहम होतो. बटण न हलवताही प्रवाह चौपट. दोन-दोन एकसर जोडून त्या जोड्या समांतर केल्या, तर भार पुन्हा ८ ओहम. मग बटण शून्यापासून हळूहळू वाढवावे, आवाज फाटू लागताच मागे घ्यावे. एवढे गणित आपल्या दहावीच्या मुलांना येते. पुढच्या वर्षी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, जोडणी विश्वस्तांनी त्यांच्याकडे द्यावी.