अंधश्रद्ध माणूस नसतो, दावा असतो

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द अनेकदा शिवीसारखा वापरला जातो. निपाणी-चिक्कोडीकडून सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्मा देवीला निघालेल्या बाईला शिकलेली मंडळी सरसकट अंधश्रद्धाळू ठरवतात. ‘आमच्या देवावर बोलायचं नाही’ असं उत्तर येतं आणि बोलणं तिथंच खुंटतं. केवळ सिद्ध करता येत नाही म्हणून एखादी श्रद्धा आंधळी ठरत नाही. डोंगर चढताना मनाला मिळणारा आधार कुणी प्रयोगशाळेत मोजू शकत नाही आणि त्याने कुणाचं बिघडतही नाही. हा शब्द राखून ठेवायला हवा तो तपासता येणाऱ्या, तपासल्यावर खोट्या ठरणाऱ्या आणि तरीही माणसाला इजा करत राहणाऱ्या दाव्यासाठी.

जटेचंच पाहा. केस विंचरले-धुतले नाहीत की घाम, तेल, मळ यांनी एकमेकांत गुंततात. त्यावर भंडारा पडला की गुंता आणखी घट्ट होतो. मग ‘देवीनं बोलावणं धाडलंय, कापलीस तर कोप होईल’ असं सांगितलं जातं. मानेवर ओझं, डोक्यात उवा, खाज. आणि याच जटेच्या नावाखाली कित्येक पोरींना देवदासी म्हणून देवीला सोडलं गेलं. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी प्रथेवर कायद्याने बंदी घातली, पण जटेची भीती कायद्याने उतरत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अनेक बायकांच्या जटा कापल्या. कोप झाला नाही, मान मात्र हलकी झाली. इथे दावा तपासला गेला, देवीवरची भक्ती जिथल्या तिथे राहिली.

‘हे ठरवणार कोण?’ हा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा आणि कर्नाटकाचा २०१७ चा, २०२० पासून अमलात आलेला जादूटोणाविरोधी कायदा, या दोन्हींनी नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द घेतलेला नाही. अमानुष, अनिष्ट प्रथा असं म्हटलं आहे. यात्रा, प्रदक्षिणा, भजन-कीर्तन यांना दोन्हींनी हात लावलेला नाही. म्हणजे कसोटी ठरली आहे: इजा आणि फसवणूक. आपल्याच माणसांवर टीका केली तर परके हसतील, अशी भीती मराठी-कानडी वादात होरपळलेल्या या भागात बोलून दाखवली जाते. पण जट मराठी नाही की कानडी नाही. ती दोन्ही घरांतल्या बाईच्या डोक्यावर असते. बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत ६ डिसेंबरला लोकांना जमवून राजकीय नेते सतीश जारकीहोळी यांनी रात्र काढली, ती कुणाच्या देवाची टिंगल करायला नव्हे, तर भुताच्या भीतीची परीक्षा घ्यायला. अशा भीतीला आणि अंधश्रद्धांना प्रश्न विचारणाऱ्या दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी यांचे खून २०१३ ते २०१५ या काळात झाले. ही परीक्षा किती महाग पडू शकते ते आपण पाहिलं आहे. म्हणून हा शब्द सैलपणे उधळू नका. माणसाला अंधश्रद्धाळू म्हणण्याआधी त्याला एवढंच विचारा: हे न केल्यास काय होईल, आणि तसं झालेलं कुणी पाहिलंय?